खुनाचं तिसरं प्रात्यक्षिक

नीबिया पिरिस घरात नाही, ही गोष्ट पासो देल तेरो गावात प्रथम पावाच्या दुकानात उघडकीला आली. पाव घ्यायला त्या सकाळी तिचा नवरा आला होता. लग्न झाल्यापासून पाव नीबियाच नेत असे, त्यामुळे पाववाल्याने सहज विचारलं, "नीबियाला बरं नाही का?"

"माहीत नाही," वाशिंग्टन पिरिस म्हणाला. "घरात नाहीये ती." आणि पाव बगलेत मारून तो निघून गेला.

रांगेत त्याच्या मागेच सुल्माबाई उभ्या होत्या. त्यांनी उजव्या कानातलं फोन ऐकायचं बोंडूक काढलं. सुल्माबाई बोंडूक काढतात तेव्हा गावात काहीतरी गंभीर घडलेलं असतं, एवढं आम्हाला अनुभवाने माहीत आहे.

"'माहीत नाही' म्हणाला," त्या सावकाश म्हणाल्या. "पहिल्याच वाक्यात. निष्पाप नवरा पहिल्या वाक्यात रडतो."

सुल्माबाई या आमच्या गावच्या गुन्हे श्रवण व चिंतन मंडळाच्या संस्थापक अध्यक्षा. पूर्वी हे विणकाम मंडळ होतं. मग राजधानी मोन्तेविदेओहून 'मातीखालचा आवाज' नावाचा, फोनवर ऐकायचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक खर्जातला गृहस्थ दर आठवड्याला एक खरा खून, तो कसा झाला आणि खुनी कसा सापडला, हे इतकं रंगवून सांगतो की ऐकताना टाके सुटायला लागले. शेवटी विणकाम सोडून द्यावं लागलं. पुढे बायकांमागे पुरुष आले, पुरुषांमागे फौजदार आर्तिगास मेंचाका आले. गावात येर्बाच्या कडू चहाचा पेला हातात, थर्मास बगलेत आणि बोंडं कानात अशीच माणसं दिसू लागली. रस्त्यात कुणी कुणाला हाक मारली तर समोरचा मान हलवायचा आणि पुढे जायचा. त्याला आम्ही बोलणं म्हणत होतो.

या कार्यक्रमामुळे गाव सुशिक्षित झालं हे मात्र मान्य केलं पाहिजे. पूर्वी आमच्याकडे मेंढ्या चोरीला जात आणि चोर सापडत नसे. आता मेंढ्यांचा चोर अजूनही सापडत नाही, पण खुनी कसा सापडतो हे शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. खुनी नेहमी नवरा असतो. खुनी एक तरी चूक करतो. आणि खुनी घटनास्थळी परत येतो. वाशिंग्टन तर घटनास्थळीच राहत होता.

त्याच दिवशी तो किराणा दुकानात गेला आणि त्याने मीठ मागितलं. बारीक मीठ संपलं होतं. मांस भाजताना चोळायचं जाडं मीठ तेवढं होतं, तेही पोत्यात. दुकानदाराने विचारलं, "एवढं कशाला लागतंय तुला?"

"घरातलं सापडत नाहीये," असं म्हणून वाशिंग्टनने ते पोतं खांद्यावर टाकलं.

आता जगात जाड्या मिठाचं पोतं नेणारी अनेक माणसं असतात. पण ज्या माणसाची बायको त्याच आठवड्यात नाहीशी झाली आहे, ज्याचा धंदा फ्रीज आणि फ्रीझर दुरुस्तीचा आहे, आणि ज्याच्या मागच्या खोलीत खाटकाचा पेटाऱ्याएवढा फ्रीझर गेला महिनाभर दुरुस्तीला पडून आहे, त्याने जाडं मीठ नेलं की विचार करावाच लागतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आमचा अख्खा देश मांस खारवून जहाजावर चढवत होता. मिठात काय काय टिकतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

फौजदारसाहेब दुसऱ्या दिवशी घर बघायला गेले. नीबियाचा फोन स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला होता. एवढा पुरावा पुरेसा होता. "जिवंत बाई फोन ठेवून जात नाही," फौजदारसाहेब म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी स्वतः रचलेलं असल्यामुळे दोनदा म्हणाले. फोनमध्ये शेवटचे बरेचसे कॉल वाशिंग्टनचेच होते, कधी मागच्या खोलीतून, कधी अंगणातून. ते कशाबद्दल होते असं विचारल्यावर वाशिंग्टन म्हणाला, "मीठ कुठंय विचारायला. कधी साखर. मोजे. माझं सामान कुठं असतं ते तिलाच माहीत असतं."

"म्हणजे पाळत ठेवत होतास," फौजदारांनी लिहून घेतलं.

परसबाग खणली. एक जबडा सापडला. तो मोन्तेविदेओला तपासणीला पाठवला. बैलाचा असल्याचं कळलं तेव्हा मंडळात थोडी निराशा पसरली, पण सुल्माबाईंनी सगळ्यांना धीर दिला. "प्रेत न सापडणं हा खुनी मुरलेला असल्याचा पुरावा आहे," त्या म्हणाल्या. मग वाशिंग्टनने आजवर दुरुस्त केलेले गावातले सगळे फ्रीझर उघडून पाहण्यात आले. त्यात ब्राझीलहून चोरून आणलेलं चीज निघालं, शेजाऱ्याची म्हणून हरवलेली कोंबडी निघाली, आणि खुद्द फौजदारसाहेबांच्या फ्रीझरमध्ये शिकारीला बंदी असलेल्या कार्पिंचोच्या दोन तंगड्या निघाल्या. पण यातलं काहीच नीबिया नसल्यामुळे त्याची दखल घेतली गेली नाही. वाशिंग्टनला मात्र अटक झाली. एवढी झडती घेऊन कुणालाच आत टाकलं नाही, तर गाव काय म्हणेल, हा प्रश्न होता.

इथे माझा संबंध येतो. मी गावच्या घोडेस्वारी मेळावा समितीचा सेक्रेटरी. दर वसंतात बिनखोगिराच्या घोड्यांवर बसून पडायला जिल्हाभरातून तरुण येतात, त्यांची सोय, दोर, बाकं, लाउडस्पीकर, सगळं आमच्याकडे असतं. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणाहून जज्जबाईंनी गुन्ह्याच्या प्रात्यक्षिकाचा हुकूम काढला, तेव्हा फौजदारांनी थेट मला निरोप पाठवला.

प्रात्यक्षिक ही आमच्या देशाची जुनी पद्धत आहे. आरोपीला बेड्या, शिरस्त्राण आणि गोळी अडवणारं जाकीट घालून घटनास्थळी आणायचं. मृताच्या जागी पोलीस खात्यातल्या कुणाला तरी उभं करायचं. मग आरोपीने काय केलं, कसं केलं, कुठून आला, कुठल्या हाताने, हे जसंच्या तसं करून दाखवायचं आणि न्यायाधीशांनी बघायचं. इतर कुणी बघावं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. पण बघू नये असंही लिहिलेलं नाही, आणि या दोन गोष्टींच्या मधल्या मोकळ्या जागेत आमचं सगळं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन बसलं.

पहिल्या दिवशी पाऊस होता. पाऊस म्हटलं की तोर्ता फ्रिताच्या पुऱ्या तळायच्याच, त्यामुळे पिरिसच्या फाटकासमोर कढई लागली. घराचा रस्त्याकडचा दरवाजा आणि स्वयंपाकघराची खिडकी आम्ही काढून ठेवली होती, म्हणजे मागच्यांनाही दिसावं. नीबियाच्या भूमिकेत हवालदार याकेलिन होती. तिने खुंटीवरचा नीबियाचा निळा एप्रन बांधला होता.

"पिरिस, त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते दाखवा," जज्जबाई म्हणाल्या.

वाशिंग्टनने दाखवलं. तो दारातून आत आला. पाय पुसले. "नीबिया," अशी हाक मारली. कोपऱ्यात उभ्या असलेल्या याकेलिनला ओ द्यावी की नाही ते कळेना, म्हणून ती गप्प राहिली. मग वाशिंग्टनने पातेल्यावरचं झाकण काढलं, उभ्याउभ्याच रस्सा खाल्ला, तोंड वाकडं केलं, दोन कपाटं उघडून बंद केली, मागच्या खोलीत जाऊन खाटकाच्या फ्रीझरमध्ये डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. शेवटी तो येऊन पलंगावर आडवा झाला.

"मग?" जज्जबाईंनी विचारलं.

"मग झोपलो."

लोकांत चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "खून कधी आहे?" एका बाईने आपल्या सुनेला सांगितलं की तळणी थांबव, अजून वेळ दिसतोय. जज्जबाईंनी फौजदारांशी चर्चा केली आणि 'आरोपीचं सहकार्य नाही, प्रात्यक्षिक अपूर्ण' असा शेरा मारून पुढची तारीख दिली. माणसं खुर्च्या घडी करताना फार कडवट बोलत होती. वाशिंग्टनवर आधी त्यांचा संशय होता, आता राग होता.

दुसऱ्या प्रात्यक्षिकाला मंडळाने पूर्वतयारी केली. सुल्माबाईंनी 'मातीखालचा आवाज'मधले सगळे गाजलेले नवरे पुन्हा ऐकून काढले आणि खून कसा झाला असावा याचा मसुदा फौजदारांना दिला. फौजदारांनी तो वाशिंग्टनला वाचून दाखवला. या वेळी तो आत आला, पाय पुसले, आणि प्रेक्षकांकडे वळून त्याने विचारलं, "आता भांडण ना?"

"आधी झाकण," सुल्माबाई दोरापलीकडून म्हणाल्या. "झाकण उघडतोस, रस्सा अळणी, तिथून ठिणगी पडते."

वाशिंग्टनने झाकण उघडलं आणि याकेलिनला म्हणाला, "रस्सा अळणी आहे."

"असा पडक्या आवाजात कोण भांडतं?" खाटीक ओरडला. "आणि डावा हात वापर. तू डावरा आहेस."

"मी उजवाच आहे रे," वाशिंग्टन म्हणाला.

"खुनी हात बदलतो. फसवायला."

त्याने डावा हात वापरून पाहिला. बेडीमुळे उजवाही मागोमाग आला आणि याकेलिनला गुदगुल्या झाल्या. ती हसली. मृत हसल्यामुळे ते प्रात्यक्षिकही रद्द झालं. पण जाताना जज्जबाईंनी फौजदारांना स्पष्ट सांगितलं, आणि ते मी स्वतः ऐकलं: तिसरं प्रात्यक्षिक पूर्ण झालं तर कागद खटल्याला जातील, आणि एकदा खटला उभा राहिला की पिरिस बाहेर येईल तो काठी टेकतच येईल.

त्या आठवड्यात बाकांची मोजमापं विचारायला मी चौकीत गेलो होतो. कोठडीत वाशिंग्टन चौकीचा जुना फ्रीज दुरुस्त करत बसला होता. फुकटात होत असेल तर का नको, असं फौजदारांचं म्हणणं. मला पाहून तो उठला.

"सेक्रेटरी, तुम्ही शिकलेले आहात. ती कुठं असेल हो?"

"पिरिस, हे आम्ही तुला विचारायचं असतं."

"पण मला नाही ना माहीत," तो म्हणाला. "आणि तुम्हाला सगळ्यांना इतकं बारीक माहीत आहे. कुठल्या हाताने, कुठल्या कपाटापाशी. सुल्माबाईंना तर ती पडताना काय म्हणाली तेपण माहीत आहे. मग कुठंतरी ती असेलच की. मला वाटतं मी नीट करून दाखवलं तर शेवटी कुणीतरी सांगेल." त्याने हातातला पान्हा खाली ठेवला. "मी करतो सगळं. खरंच करतो. फक्त शेवटी ती कुठंय ते सांगायला सांगा त्यांना."

गावात नीबिया कुठे आहे असं विचारणारा तो एकटाच होता. बाकी आम्हा सगळ्यांना ती कशी मेली एवढंच हवं होतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी बाहेर येऊन हे सुल्माबाईंना सांगितलं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "'ती कुठंय' असं खुनीच विचारतो. निष्पाप माणूस शोधायला जातो."

"तो कोठडीत आहे, सुल्माबाई."

"सोयीस्कर आहे ना?" असं म्हणून त्यांनी बोंडूक कानात घातलं.

तिसऱ्या प्रात्यक्षिकाला जिल्हाभरातून बस आल्या. आमच्या समितीने चढत्या उंचीची बाकं बांधली होती, सावलीला कापड लावलं होतं, लाउडस्पीकर खिडकीत ठेवला होता, म्हणजे आरोपीचा पडका आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा. भाजलेल्या चोरिसो सॉसेज-पावाची गाडी उभी राहिली. लहान मुलं निळे एप्रन बांधून आली होती. एका गृहस्थाने तर 'मातीखालचा आवाज'च्या खर्जात लाउडस्पीकरवरून स्वागत केलं. फौजदारसाहेबांनी इस्त्रीचा गणवेश चढवला होता. खुनी घटनास्थळी परत येतो, या नियमानुसार त्यांनी जमलेल्या सगळ्यांचे फोटो काढून ठेवायचा हुकूम दिला होता, आणि लोक केस सारखे करून हौसेने उभे राहत होते.

मी फाटकाशी होतो. खेळ सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही, असं ठरलेलं. तेवढ्यात चौकातल्या बसमधून उतरून एक बाई घाईघाईने आली. केस आखूड कापलेले, चेहरा उन्हाने रापलेला, हातात एक पिशवी. तिला धाप लागली होती.

"काय झालंय? कोण गेलं?" तिने विचारलं.

"रांगेत या बाई," मी म्हणालो. "मृताचे नातेवाईक असाल तर डावीकडून."

"कोण मृत? अहो, माझं घर आहे हे. वाशिंग्टन ठीक आहे ना?"

मी तिच्याकडे नीट पाहिलं. सेक्रेटरी म्हणून माझं काम सगळ्यांना जागा देणं हे होतं, आणि या बाईला कुठल्या रांगेत बसवावं याची नियमांत सोय नव्हती. मी दोर उचलला.

आत प्रात्यक्षिक फार चांगलं चाललं होतं. वाशिंग्टनने मन लावून तयारी केली होती. त्याने झाकण आपटलं, रस्सा भिंतीवर भिरकावला, "अळणी" म्हणून असा काही ओरडला की पहिल्या रांगेतल्या दोन बायका मागे सरल्या. मग त्याने दोन्ही हात याकेलिनच्या गळ्याला लावले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि लोकांना ते पश्चात्तापाचं वाटल्यामुळे कुणीतरी टाळी वाजवली. जज्जबाई लिहीत होत्या. 'पूर्ण' हा शब्द लिहायचा तेवढा राहिला होता.

"हा माझा एप्रन आहे," ती बाई म्हणाली.

"श्श," मागून आवाज आला. "बसा खाली. दिसत नाहीये."

"अहो, माझा एप्रन आहे. आणि हिने गाठ पुढे का मारलीय?"

"बाई, भावना समजू शकते," फौजदार तिच्याकडे न पाहताच म्हणाले, "पण मृताच्या सामानावर हक्क प्रात्यक्षिकानंतर सांगायचा."

वाशिंग्टनने मान वळवली. त्याचे हात याकेलिनच्या गळ्यावरून आपोआप खाली आले. तो त्या आखूड केसांच्या बाईकडे बघत राहिला. लाउडस्पीकरमुळे त्याचा श्वाससुद्धा शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होता.

"नीबिया," तो म्हणाला, "मीठ कुठंय गं?"

"ओट्याखाली. निळ्या डब्यात. लग्न झाल्यापासून तिथंच आहे."

वाशिंग्टन पलंगावर बसला आणि रडायला लागला. बेड्यांचे हात तोंडावर धरून, लहान मुलासारखा. सुल्माबाईंनी उजव्या कानातलं काढलं, मग डाव्याही कानातलं. "आता रडून काय उपयोग," त्या म्हणाल्या. "उशीर झाला." पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

चोरिसोवाल्याची जाळीसुद्धा ऐकू येत होती. शेवटी जज्जबाईंनी घसा साफ केला. "बाई, प्रात्यक्षिक चालू असताना मृताने हजर राहावं अशी तरतूद नाही. तुम्ही जरा दोरामागे थांबा."

"मी मेलेली नाही."

"ते आपण नंतर बघू."

"नंतर कशाला? मी साल्तोच्या गरम झऱ्यांवर होते. हाडं दुखायची, म्हणून चार दिवस म्हणून गेले. तिथली स्वयंपाकीण आजारी पडली, त्यांनी मला विचारलं, मी राहिले. लोक जेवून 'छान झालंय' म्हणायचे. मला बरं वाटलं, म्हणून राहिले. त्यात काय एवढं?"

"मग सांगून का नाही गेलात?" फौजदारांनी आवाज चढवला. "फोन का ठेवून गेलात?"

"फोन ठेवला कारण हा दर अर्ध्या तासाला मीठ कुठंय विचारतो. आणि सांगितलं नाही? फौजदारसाहेब, तुम्हाला बसथांब्यावर सांगितलं. तुम्ही अंगठा वर केलात. सुल्माबाईंना पावाच्या रांगेत सांगितलं. म्हटलं, मी थोडे दिवस झऱ्यांवर जातेय, याच्याकडे बघा जरा. तुम्ही माझ्याकडे बघून 'भयंकर' म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला माझ्या हाडांबद्दल वाटलं." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुला दोनदा सांगितलं. तुझं डोकं फ्रीझरमध्ये होतं."

"हूं म्हणालो असेन मी," वाशिंग्टन नाक पुसत म्हणाला.

"हूंच म्हणालास."

तिने पुढे होऊन याकेलिनच्या कमरेचा एप्रन सोडला, स्वतः बांधला, गाठ मागे मारली आणि भिंतीवरचा रस्सा पुसायला घेतला. फौजदारांना किल्ली सापडेना. ती याकेलिनच्या खिशात निघाली. याकेलिनने बेड्या काढल्या तेव्हा वाशिंग्टनने पहिलं काम केलं ते ओट्याखाली वाकून निळा डबा बाहेर काढण्याचं. झाकण उघडून तो आत बघत राहिला. त्याचं आयुष्य तुरुंगात जाता जाता राहिलं होतं, आणि दोन हात खाली वाकला असता तर त्याला त्या पोत्याची गरजच पडली नसती.

कायद्याने इथे सगळं संपायला हवं होतं. जज्जबाईंनी 'मृताच्या आकस्मिक उपस्थितीमुळे' असं लिहून कागद मिटले आणि गाडीत बसल्या. पण बाकांवरचं कुणीही उठलं नाही. माणसं नुसती बसली होती, हातातल्या पावाकडे बघत. लांबून आलेल्या बसमधला एकजण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे कुणीच नाही मेलं?" मी नाही म्हणालो. "अरेरे," तो म्हणाला, आणि मग स्वतःच दचकून म्हणाला, "म्हणजे, बरंच झालं."

तेव्हा सुल्माबाई उठल्या. नीबिया आत भिंत पुसत होती, तिच्याकडे त्या बराच वेळ पाहत होत्या.

"दोन महिने," त्या म्हणाल्या. "एकटी. केस कापून. आणि तिथली स्वयंपाकीण म्हणे आजारी पडली." त्यांनी एक बोंडूक पुन्हा कानात घातलं. "ती स्वयंपाकीण आता कशी आहे, कुणी विचारलं का?"

बाकांवर पहिल्यांदा हालचाल झाली. खाटीक पुढे सरकला. फौजदारसाहेबांनी खिशातून पेन काढलं. मागच्या रांगेने पुढच्यांना काय म्हणाल्या असं विचारलं, आणि पुढच्यांनी सांगितल्यावर तिथून इथवर एक समाधानाचा सुस्कारा पसरत आला. चोरिसोवाल्याने जाळीखाली पुन्हा लाकडं सारली. मला समितीच्या वतीने एवढंच विचारण्यात आलं की बाकं मोडायची घाई आहे का. मी म्हणालो, नाही.

ती अजून उभी आहेत. आमच्या गावाला हसायला आपण मोकळे आहात, वाचकहो, पण एक सांगा. बसमधून उतरलेली ती बाई नीबिया आहे हे कळलं, तेव्हा आपल्याला आनंद झाला हे मी मान्य करतो. पण त्याच्या आधी, अगदी निमिषभर, जरा चुकल्यासारखं झालं ना? एवढं वाचलं, निदान एखादं प्रेत तरी निघायला हवं होतं? संकोच करू नका. पुढच्या रांगेत आपली जागा धरून ठेवली आहे.

फक्त निघण्यापूर्वी घरात एकदा डोकावून या. आपण हे वाचत होतात तेव्हा कुणीतरी दारात येऊन आपल्याला काहीतरी सांगून गेलं. आपण 'हूं' म्हणालात. काय सांगितलं होतं?